बिजन, नरसंहार आणि विष्णुभटांची साक्ष

विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाची आजवर जी चर्चा झाली, ती बहुधा दोन अंगांनी झाली. कोणी त्यातील भाषेचा साधेपणा वाखाणला. कोणी झाशीच्या राणीच्या चरित्राचे एक साधन म्हणून त्याचा उपयोग केला. दोन्ही गोष्टी रास्तच आहेत. परंतु शस्त्र न धरलेल्या माणसांची युद्धात जी कत्तल होते, तिची डोळ्यांदेखतची साक्ष म्हणून या पुस्तकाकडे पाहावे, तसे ते पाहिले गेलेले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नरसंहाराचा दावा दाखल केला. त्यानंतर या एका शब्दावरून जगभर जे वादंग माजले, त्याच्या गदारोळात हे पुस्तक काशीत बसून पुन्हा वाचावयास घेतले, आणि एका कोकणस्थ भिक्षुकाने त्या वादातील कळीच्या प्रश्नाला अजाणता हात घातला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटले.

काशीचा उल्लेख केवळ मुक्कामाचे गाव म्हणून केलेला नाही. १८५७ च्या कत्तलींचा हिशेब मांडू लागले की पहिले पान याच शहराचे निघते. ४ जून १८५७ रोजी येथील छावणीत ३७ व्या देशी पलटणीची शस्त्रे काढून घेण्याचा प्रयत्न झाला. त्या गोंधळात लुधियानाच्या शीख पलटणीवरही तोफा डागल्या गेल्या. कर्नल जेम्स नील मद्रासी फ्युझिलिअर्स घेऊन नुकताच येथे येऊन पोहोचला होता. ९ जूनला बनारस विभागात लष्करी कायदा पुकारला गेला आणि फाशीचे सत्र सुरू झाले. या प्रकाराचा सर्वांत जबर पुरावा कोणा हिंदी देशभक्ताने लिहिलेला नाही, तो जॉन केय या इंग्रज इतिहासकाराने नोंदवून ठेवला आहे. गोरे हौशी लोक टोळ्या करून खेड्यापाड्यांत फाशी देत हिंडत. आंब्याच्या झाडांचे वधस्तंभ होत आणि हत्तीच्या पाठीवरून माणसे लोंबकळत सोडली जात. देहांची इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मांडणी केल्याची फुशारकी एकाने मारली होती. खेळ म्हणून बंडवाल्यांची निशाणे मिरवून ढोल वाजवणारी पोरेही फासावर गेली. हे सारे केय लिहितो, आणि लिहिताना तो सुखावलेला नाही, एवढे त्याच्या पदरात टाकले पाहिजे.

येथे तारखांचा क्रम ध्यानात ठेवावयास हवा. कानपूरच्या सतीचौरा घाटावरील हत्या २७ जूनची. बीबीघरात कोंडलेल्या इंग्रज स्त्रिया व मुले कापली गेली ती १५ जुलैला. नीलचे बनारस आणि अलाहाबाद त्याआधीचे. म्हणजे ‘कानपूरचा सूड’ हे जे समर्थन इंग्रजी पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले, ते पंचांगाच्या कसोटीवरही टिकत नाही. सावरकरांनी आपल्या ग्रंथात बनारस व अलाहाबाद यांना स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि हा क्रम त्यांनी नेमका हेरला आहे. मात्र मे महिन्यात मीरत आणि दिल्ली येथे गोऱ्या कुटुंबांची हत्या झालेली होती, ८ जूनला झाशीच्या जोखनबागेत स्त्रियामुलांसह साठाच्या आसपास युरोपीय मारले गेले होते, हेही त्याच पंचांगात लिहिलेले आहे. क्रम सांगावयाचा तर सगळाच सांगावा. आधी कोणी मारले, या प्रश्नाच्या उत्तरातून नंतर मारणाऱ्यास परवाना मिळतो, हे गृहीत इंग्रज लेखकांचे होते. ते आपण उलटे करून वापरावे, यात मला काही पुरुषार्थ वाटत नाही. सावरकरांचे गद्य ओजस्वी आहे, पण सूडाची मीमांसा करताना ते ज्या उंच पट्टीत जातात, त्या पट्टीत बीबीघरातले मूल ऐकू येत नाही.

आता शब्दाकडे वळू. ‘जेनोसाइड’ हा शब्द राफाएल लेम्किन यांनी १९४४ मध्ये घडवला. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्यावर करार केला. राष्ट्र, वंश, जात किंवा धर्म यांवरून ओळखला जाणारा जनसमूह संपूर्ण अथवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू, हे त्याचे मर्म. मराठीत आपण त्याला सरसकट ‘नरसंहार’ म्हणतो आणि तेथेच घोटाळा होतो; कारण नरसंहार या शब्दात माणसे मेल्याची नोंद आहे, हेतूची नाही. ‘वंशसंहार’ म्हणावे तर अर्थ जवळचा येतो, पण कानाला तो कोशातून उतरल्यासारखा लागतो. मूळ शब्दाची अडचण याहून मोठी आहे. न्यायालयाच्या कसोटीस तो क्वचितच उतरतो. २००७ साली बोस्नियाच्या दाव्यात हेगच्या न्यायालयाने जुलै १९९५ ची स्रेब्रेनित्सा येथील कत्तल या व्याख्येत बसवली; इतर ठिकाणी व्यापक हत्या झाल्याचे मान्य करूनही तेथे तो विशिष्ट हेतू सिद्ध झाला नाही, असा निर्वाळा दिला. यावरून एक पक्ष म्हणतो, शब्द लागू पडत नाही, मग तक्रार कसली? दुसरा म्हणतो, शब्द लागू करा, नाहीतर मेलेल्यांचा अपमान होतो. दोघांचेही लक्ष शब्दावर खिळलेले राहते आणि प्रेते बाजूला पडतात.

१८५७ च्या बाबतीतही हेच झाले आहे. अमरेश मिश्र यांनी २००८ च्या आपल्या द्विखंडात्मक ग्रंथात असे प्रतिपादन केले की, त्या साली सुरू झालेल्या दहा वर्षांत जवळजवळ एक कोटी हिंदी माणसे नाहीशी झाली. मजुरांच्या नोंदींत दिसणारी घट हा त्यांचा एक मुख्य आधार. नोंदीतून मजूर गळाला म्हणजे तो मारलाच गेला, असे होत नाही. तो पळाला असेल, दुष्काळात मेला असेल, दुसऱ्या मुलखात गेला असेल. ज्यांचा जन्म मस्टर आणि जमाबंदीचे कागद तपासण्यात गेला, त्या आपल्या वाचकांस हे वेगळे सांगावयास नको. इतर इतिहासकारांनी हा आकडा मानला नाही, आणि मलाही तो पटत नाही. परंतु खेद याचा वाटतो की, एक कोटीचा आकडा खोडला गेला की ऐकणाऱ्याच्या मनातून आंब्याच्या झाडावरची माणसेही खोडली जातात. मोठ्या शब्दाच्या आणि मोठ्या आकड्याच्या हव्यासाने खऱ्या साक्षीचे नुकसान होते, ते असे.

विष्णुभटांच्या पुस्तकात आकडा नाही. मथुरेस बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, या आशेने काकांबरोबर निघालेला हा गृहस्थ १८५८ च्या वसंतात झाशीत सापडला आणि सर ह्यू रोझच्या फौजेने शहर घेतले, तेव्हा जीव मुठीत धरून तेथेच अडकून पडला. त्या दिवसांसाठी तो एक शब्द वापरतो: बिजन. शब्द फारसीतून आलेला. मूळ अर्थ ‘मार!’ असा, म्हणजे क्रियापदाचे आज्ञार्थी रूप. कत्तल हे नाम आहे; ती होते, घडते, माजते. बिजन होत नाही, ते बोलावे लागते, आणि बोलणारा कोणीतरी असावा लागतो. मराठीने तो हुकूमच नाम म्हणून घेतला आणि त्या नामात हुकूम देणाऱ्याला कायमचा बांधून टाकला. कायदेपंडित ज्या हेतूसाठी साक्षीपुरावे धुंडाळीत असतात, तो हेतू या तीन अक्षरांत आधीच बसलेला आहे. विष्णुभटांनी हा विचार करून शब्द निवडला, असे मी म्हणत नाही. त्यांच्या काळच्या मराठीत तो होता. आपल्या मराठीत तो राहिला नाही, ही आपली हानी.

शब्दामागचे वर्णनही तसेच आहे. लूट बेबंद नव्हती, ती पाळीपाळीने झाली: आधी मौल्यवान चिजा, मग भांडी, मग धान्यकपडे, कोणी केव्हा काय न्यावे याला क्रम होता, असे विष्णुभट सांगतात. हा तपशील मला सगळ्या प्रेतांच्या वर्णनाहून भयंकर वाटतो. संतापलेले शिपाई हाताबाहेर गेले, हे सेनापतींचे नेहमीचे उत्तर. संतापाला पाळ्या नसतात. राजवाड्यातील पोथ्यांच्या संग्रहाची धूळधाण सांगताना तर या भिक्षुकाचा स्वर इतका कळवळतो की, माणसांसाठीसुद्धा तो क्वचित तसा होतो. येथे त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याची नजर दक्षिणा, पंक्ती, सोवळे यांच्या वर्तुळात फिरते; आपल्या माणसांचे दुःख त्याला आधी दिसते. शिवाय त्याने लिहिले ते सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीवरून. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते छापले तेव्हा मजकुरावर हात फिरवला, काही गाळले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये दिला तेव्हा कोठे विष्णुभट स्वतः बोलू लागले. परंतु ज्या साक्षीदाराला खटला जिंकावयाचा नाही, त्याच्या चुकाही विश्वास वाढवतात. हा इसम त्या धामधुमीला शेवटपर्यंत ‘बंड’च म्हणतो.

विष्णुभटांच्या जोडीला मी आणखी एक कागद ठेवीन, आणि तो सरकारी आहे. ३१ जुलै १८५७ च्या ठरावाने गव्हर्नर जनरल कॅनिंगने अधिकाऱ्यांना सरसकट फाशी देण्यास व गावे जाळण्यास आवर घातला. २४ डिसेंबरच्या पत्रात, ज्यांचा गुन्हा संशयास्पद होता त्यांनाही फासावर चढवले गेले आणि गावेच्या गावे जाळली गेली, असे त्याने विलायतेस कळविले. यासाठी स्वकीयांनी त्याला ‘दयाळू कॅनिंग’ म्हणून हिणवले. कत्तल झाली नाही, असे म्हणणाऱ्यास उत्तर द्यावयास एवढा कागद पुरे.

मग बनारसच्या जूनला काय म्हणावे? नीलला दहशत बसवावयाची होती. एखादा समाज पृथ्वीवरून पुसावयाचा होता, असे दाखविता येत नाही. म्हणून १९४८ च्या व्याख्येत मी ते बसवणार नाही. ते बिजन होते. तेवढ्याने नीलचा अपराध रतीभर हलका होत नाही, आणि मद्रासकरांनी त्याचा पुतळा हलविण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह केला, तो १९३७ मध्ये रस्त्यावरून उठून संग्रहालयात गेला, हे योग्यच झाले.

पण हा शब्द एकदा हाती घेतला, तर तो आपल्याच दारावरून पुढे नेता येत नाही. बंगालात नोकरी केलेल्या मराठी कुटुंबांस ठाऊक असेल, तेथील आया मुलांना निजविताना अजून बर्गीची भीती घालतात. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे त्या प्रांतावर धावून जात होत्या. भास्करराम कोल्हटकर हे त्यांचे पहिले नाव. गंगाराम या बंगाली कवीने त्या स्वाऱ्यांवर काव्य लिहिले, आणि त्याचे नाव ‘महाराष्ट्रपुराण’! जळालेली खेडी आणि विटंबिलेल्या स्त्रिया त्यात आहेत. आमच्या बखरींत हीच मोहीम चौथाईच्या हक्काची, आणि १७५१ च्या तहाने मिळालेल्या बारा लाखांची. दोन्ही वाङ्मये एकमेकांशेजारी ठेवून वाचणारा मराठी समीक्षक माझ्या पाहण्यात नाही. गंगाराम परका म्हणून अविश्वसनीय, आणि केय परका असूनही विश्वसनीय, हा न्याय कोठला?

काशीत हा प्रश्न टाळता येत नाही. दशाश्वमेधाजवळ बंगाली टोला. तेथून घाटाघाटाने उत्तरेस गेले की भोसला घाट लागतो, नागपूरकर भोसल्यांनी बांधलेला, वर लक्ष्मीनारायणाचे देऊळ. दक्षिणेस भदैनीत मनकर्णिका तांबे हिचे जन्मस्थान दाखवितात. विष्णुभट झाशीतून वाचून हिंडत हिंडत येथे आले, गंगेची कावड भरली आणि ती पायी कोकणात वरसईस नेऊन आईबापांस स्नान घातले. कर्ज फेडण्याएवढे द्रव्य काही त्यांच्या हाती राहिले नव्हते.