शाळेचे संगणक-जाळे : तार जोडली, पुढे काय?

शाळेतील संगणक-कक्षाचे मूल्यमापन आपल्याकडे बहुधा यंत्रे मोजून होते. किती आली, किती चालू आहेत, एवढ्यावर अहवाल पुरा होतो. ही यंत्रे एकमेकांशी बोलतात का, हा प्रश्न त्यात नसतो. कक्षाची खरी परीक्षा मात्र तिथेच आहे.

गिरगाव, परळ किंवा लालबागमधील एखाद्या मराठी शाळेची कल्पना करा. काही संगणक सरकारी योजनेतून आलेले, काही माजी विद्यार्थ्यांनी दिलेले. काहींवर विंडोज, काहींवर लिनक्स. शिवाय शिक्षकांचे मोबाइल. तंत्रज्ञ तारा जोडून जातो, दिवे लुकलुकतात आणि जाळे तयार झाले असे आपण मानतो. वस्तुतः तार फक्त संकेत वाहून नेते. त्यांचा अर्थ लावण्याचे नियम दोन्ही टोकांना सारखे असावे लागतात. या नियमांच्या संचाला ‘प्रोटोकॉल’ म्हणतात.

आपल्या योजनांची चूक येथेच होत आली आहे. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला आणि देशातील शाळांना सुमारे १२,००० बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. हेतू स्तुत्य होता. पण निवड झाली ती यंत्राची, नियमांची नव्हे. नंतर आलेल्या पीसींवर बीबीसीच्या चकत्या आणि प्रोग्रॅम थेट चालत नव्हते. यंत्र जुने झाले, त्याबरोबर त्यावर केलेले कामही अडगळीत गेले.

याच्या उलट उदाहरण ‘अर्नेट’चे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या शैक्षणिक जाळ्यात आयआयटींबरोबर मुंबईची एनसीएसटी ही संस्था होती. तिचा उगम कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला. अर्नेटवर सुरुवातीस टीसीपी/आयपी आणि ओएसआय असे दोन नियमसंच शेजारी-शेजारी नांदत होते. १९९५ पासून जवळजवळ सारी वाहतूक टीसीपी/आयपीवर आली. यंत्रे वेगवेगळी राहिली, करार एक झाला.

मराठी शाळेपुढे याहून बिकट प्रश्न लिपीचा आहे. जुन्या फाँटांत मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत आणि प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी असे. अशी प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर पोचते पूर्ण, पण दिसते निरर्थक. येथे तारेचा दोष नाही. अक्षरांच्या क्रमांकांवर एकमत नाही. १९९१ च्या ‘इस्की’ मानकात ‘क’चा क्रमांक १७९ आहे, युनिकोडमध्ये २३२५. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या प्रणालीवर त्या जागी रिकामी चौकट दिसू शकते.

यावर सोपा उपाय सुचवला जातो : सगळी यंत्रे एकाच जातीची घ्यावीत. देखभाल त्यामुळे सोपी होते, हे मान्य. पण अनुदान हप्त्यांनी येते, देणग्या मिळतील तशा येतात. पाच वर्षांत विविधता पुन्हा शिरतेच. शिवाय विद्यार्थी एका कंपनीची पद्धत शिकतो, तत्त्व नव्हे. विविधता सांभाळण्याची साधने उपलब्ध आहेत. १९९२ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल यांनी खुला केलेला ‘सांबा’ हा विनामूल्य प्रोग्रॅम लिनक्सवरील फोल्डर विंडोजला वापरू देतो.

तेव्हा खरेदीपूर्वी संख्येबरोबर करारही विचारावेत : नियमसंच कोणता, मराठी युनिकोडमध्ये आहे का, फाइल दुसऱ्या प्रणालीत उघडेल का. आणि कक्षात नववीच्या मुलांकडून एक चाचणी करून घ्यावी. ‘क्षितिज, ज्ञानेश्वर, दऱ्या, ॲसिड’ हे शब्द एका यंत्रावर लिहावेत, जाळ्यातून दुसऱ्यावर उघडावेत, एक शब्द वाढवून जतन करावेत व पहिल्यावर पुन्हा पाहावेत. पाचही शब्द शाबूत आले तर शाळेत जाळे आहे. न आले, तर नेमका कोणता करार मोडला याचा शोध हाच त्या दिवसाचा विज्ञानाचा धडा.