तानसा जलाशयाचा स्थलनिर्देशक नकाशा व स्थलनामांचे प्रामाण्य

भिवंडीलगतच्या शहापूर तालुक्यातील तानसा जलाशयाचे क्षेत्र दाखविणारा भारतीय सर्वेक्षण विभागाचा १ : ५०,००० प्रमाणावरील नकाशा भूरचनेच्या दृष्टीने विश्वसनीय होय. १८९२ साली पूर्ण झालेले हे धरण सुमारे २.८ किलोमीटर लांब का बांधावे लागले, याचे उत्तर समोच्चरेषा देतात: दोन्ही बाजूंचे चढ एकमेकांपासून दूर आहेत. परंतु याच नकाशातील स्थलनामे भाषाभ्यासकाने तितक्याच विश्वासाने स्वीकारावीत काय? प्रस्तुत लेखकाच्या मते स्वीकारू नयेत.

इंग्रजी आवृत्तीतील नामलेखन हंटरच्या लिप्यंतरपद्धतीस अनुसरते. तीत ट व त, ड व द, ण व न, ळ व ल या जोड्यांना प्रत्येकी एकच रोमन अक्षर मिळते. त्यामुळे ‘आटगाव’ हे ‘आतगाव’ असेही वाचता येते, ‘खर्डी’ची ‘खर्दी’ होते, आणि या परिसरातील वस्तीवाचक ‘पाडा’ या पदातील मूर्धन्य ध्वनी ओळखता येत नाही. मराठीत हे भेद अर्थनिर्णायक आहेत. ते लोपले की व्युत्पत्तीचा पायाच ढासळतो.

गाव वसते असेल तर दोष दुरुस्त होऊ शकतो. तेथे जाऊन विचारता येते. जलाशयाखाली गेलेल्या पाड्याविषयी मात्र विचारावे कोणास? नेव्हाडाच्या वाळवंटातील सेंट टॉमस हे गाव हूव्हर धरणाच्या जलाशयात १९३८ साली बुडाले. परंतु त्याचे नाव तेथील रहिवाशांच्याच लिपीत लिहिलेले असल्यामुळे नकाशांत ते अविकृत राहिले. आपल्याकडे गाव पाण्याखाली गेले व नाव केवळ रोमन लिपीत उरले, तर हानी दुहेरी होते.

या अडचणीत जुन्या महसुली दप्तरांतील मोडी नोंदी उपयोगी पडतात. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नाही हे खरे. परंतु दन्त्य-मूर्धन्य भेद पाळला जातो. म्हणजे नकाशा जेथे मुका होतो, नेमकी तेथेच मोडी बोलते. नकाशावरून स्थान निश्चित करावे, मोडीवरून ध्वनी, आणि विस्थापितांच्या वंशजांच्या उच्चारावरून दोहोंचा पडताळा घ्यावा. केवळ रोमन नकाशाच्या आधारे स्थलनामाची व्युत्पत्ती सांगणारे विवेचन, ते कितीही चतुर असले तरी, अनुमानच समजले पाहिजे, सिद्धान्त नव्हे.