खख्खर, भूपेन
(१० मार्च १९३४–८ ऑगस्ट २००३). आधुनिक भारतीय चित्रकार. जन्म मुंबईत, गुजराती कुटुंबात. सनदी लेखापालाचे शिक्षण घेतल्यानंतर ते १९६२ मध्ये बडोद्यास आले. तेथील ललित कला विद्याशाखेत त्यांनी कलासमीक्षेचा अभ्यास केला. चित्रकला मात्र ते बव्हंशी स्वप्रयत्नाने शिकले. समलिंगी प्रेमाला आधुनिक भारतीय चित्रकलेत उघडपणे स्थान देणाऱ्या पहिल्या महत्त्वाच्या चित्रकारांत त्यांची गणना होते.

देवदेवतांची बाजारी छापील चित्रे चिकटवून केलेल्या रचनांपासून त्यांच्या कलेचा आरंभ झाला. राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे सातारा जिल्ह्यातील औंधच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. त्यांतील आदर्श सौंदर्य छापखान्यातून घरोघरी पोहोचताना ढोबळ व भडक झाले. जाणकारांनी हिणकस मानलेल्या या भडकपणातच खख्खरांना जिव्हाळा आढळला. ‘जनता वॉच रिपेअरिंग’ (१९७२) यासारख्या चित्रांत त्यांनी लहान व्यावसायिकांचे साधे जग त्याच आपुलकीने रंगविले.

१९७९ मधील इंग्लंडचा प्रवास आणि १९८० मध्ये झालेले आईचे निधन यांनंतर त्यांच्या चित्रांतील संकोच ओसरला. ‘यू कान्ट प्लीज ऑल’ (१९८१) या चित्रात सज्जात उभा असलेला नग्न पुरुष बाप, मुलगा व गाढव यांची परिचित गोष्ट पाहत आहे. लोकापवादाला भिणाऱ्याचे हसे होते, हे त्या गोष्टीचे तात्पर्य येथे आत्मप्रकटनाचे समर्थन ठरते. ‘टू मेन इन बनारस’ (१९८२) मध्ये दोन पुरुषांचे आलिंगन तीर्थक्षेत्रातील नित्य व्यवहारांच्या सान्निध्यात येते; प्रेम व भक्ती यांत चित्रकार भिंत उभारीत नाही.

‘ययाति’ (१९८७) हे चित्र मराठी वाचकास विशेष विचारप्रवृत्त करील. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांच्या ययाति (१९५९) या कादंबरीत ही कथा अनिर्बंध भोगलालसेची शोकांतिका होते. खख्खरांच्या चित्रात वृद्ध देहावर पंखधारी तरुण झुकला आहे. तारुण्याचे दान येथे स्पर्शाने होते. वार्धक्यातील वासनेला उपहासाऐवजी करुणा लाभते, हे चित्राचे यश. दात्याला मोजावी लागणारी किंमत मात्र त्यात विरून जाते. खांडेकरांनी जो नैतिक प्रश्न धसास लावला, त्याला चित्रकार बगल देतो.

खख्खर संघटित चळवळीचे नेते नव्हते. मुंबईत १९९० मध्ये बॉम्बे दोस्त हे समलिंगी व्यक्तींचे नियतकालिक निघाले, त्याच्या आधीच त्यांची ही चित्रे झाली होती. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वगळले. खख्खरांच्या हयातीत ते गुन्हाच होते. अशा काळात त्यांनी दयेची याचना केली नाही अथवा प्रचाराचा सूरही लावला नाही. समलिंगी माणूस परका नसून याच गल्लीतला व याच देवळातला आहे, हे त्यांनी दृश्य रूपात सिद्ध केले. त्यांच्या कार्याचे सामाजिक मोल यातच आहे.

पद्मश्री (१९८४) हा सन्मान त्यांना लाभला. लंडनच्या टेट मॉडर्न येथे २०१६ मध्ये त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनात्मक प्रदर्शन भरले होते. बडोदे येथे त्यांचे निधन झाले.