निकृष्टतेची इंग्रजी शब्दकळा आणि चिनी भाषक विद्यार्थी : एक चिकित्सा

चिनी भाषक विद्यार्थ्यांच्या इंग्रजी शब्दसूचींत बहुधा एका इंग्रजी शब्दासमोर एक चिनी प्रतिशब्द दिलेला असतो. निकृष्ट दर्जा दर्शविणाऱ्या विशेषणांच्या बाबतीत ही पद्धती अपुरी ठरते. 'इन्फिरिअर', 'शॉडी' आणि 'सबस्टँडर्ड' या तिहींसमोर 'लिएझी' हा एकच शब्द ठेवल्यास महत्त्वाचा अर्थभेद पुसला जातो.

वस्तुतः या शब्दांतील निंदेचे अधिष्ठान भिन्न आहे. 'इन्फिरिअर'ला तुलना अभिप्रेत आहे, 'सबस्टँडर्ड'ला निश्चित मानक. 'डिफेक्टिव्ह' विशिष्ट बिघाड सांगतो, तर 'फ्लिम्झी' मराठीतील 'तकलादू'च्या जवळचा आहे. 'शॉडी' हे मुळात यॉर्कशायरमधील बॅटली परिसरात एकोणिसाव्या शतकात जुन्या लोकरी चिंध्यांपासून बनणाऱ्या मालाचे नाव. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) अशा कापडाचे गणवेश टिकले नाहीत आणि हा शब्द फसवणूक व हलगर्जीपणाशी जोडला गेला. पानिपतच्या वस्त्रोद्योगात मात्र तो आजही पुनर्वापरित लोकरीचे केवळ व्यावसायिक नाव आहे. व्यापारी पत्रात 'डिफेक्टिव्ह'च्या जागी 'शॉडी' योजणारा विद्यार्थी म्हणूनच नकळत तक्रारीचे रूपांतर आरोपात करतो.

दुसरी अडचण शब्दव्याप्तीची आहे. 'छा' हा चिनी शब्द वस्तूचा दर्जा, प्रकृती, परीक्षेतील गुण, वर्तन या सर्वांस लागतो. इंग्रजी 'पुअर' त्याच्या निकट असला, तरी 'गरीब' हा त्याचा अर्थच आधी मनात ठसतो. 'फिएन-यी' किंमत कमी असल्याचे सांगतो. 'चीप' दर्जाविषयीही संशय निर्माण करतो.

तथापि चिनी भाषेची निंदाशक्ती उणी नाही. 'दोउफुझा गोंगछंग', म्हणजे शब्दशः टोफूच्या चोथ्याचे बांधकाम, हा शब्दप्रयोग १९९८ च्या यांगत्से महापुरात तत्कालीन पंतप्रधान झू रोंगजी यांनी जिउजियांग येथील फुटलेल्या बांधासंदर्भात वापरल्यानंतर विशेष गाजला. २००८ च्या सिच्वान भूकंपात शाळा कोसळल्या, तेव्हा त्यात शोकही मिसळला. 'बॅड कन्स्ट्रक्शन' या भाषांतरात हा रोष उरत नाही. 'जेरी-बिल्ट' हा जुना इंग्रजी शब्द त्यास अधिक न्याय देतो.

सारांश, प्रतिशब्द देऊन अध्यापकाचे कार्य संपत नाही. दोष कशात आहे, तो कोणत्या मापाने ठरला आणि त्याचा ठपका कोणावर येतो, हे तीन प्रश्न प्रत्येक शब्दासोबत शिकविले जाणे आवश्यक आहे. अन्यथा विद्यार्थ्याजवळ शब्दसंग्रह असेल, परंतु विवेक नसेल.