तिकीट क्लोज झालं, बग तसाच

‘हिगुराशी’ खेळून बघ, असं मी आजवर ज्यांना सांगितलं त्यातल्या निम्म्यांकडून दोन दिवसांत एकच तक्रार आली: अरे, यात काहीच होत नाही! शाळा, डबा, पत्ते, पुन्हा शाळा. हॉरर कुठंय?

तक्रार खरी आहे. मीही पहिल्यांदा तिसऱ्या तासाला सोडून दिला होता. ‘हिगुराशी नो नाकु कोरो नी’ हा २००२ साली टोकियोत आलेला जपानी गेम. गेम म्हणायचं, पण करायला काही नाही. स्क्रीनवर मजकूर येतो, मागे गावाचं चित्र, पुढे पात्रं, खाली पार्श्वसंगीत. बटण दाबलं की पुढची ओळ. ‘दार उघडू की पळू’ असले पर्यायही जवळजवळ नाहीत. जपानमध्ये अशा गेमना साउंड नॉव्हेल म्हणतात. हा प्रकार चुनसॉफ्ट कंपनीने १९९२ च्या ‘ओतोगिरिसो’पासून रूढ केला, पण त्यात निदान पर्याय तरी असायचे. र्युकिशी०७ या टोपणनावाच्या लेखकाने तेही काढून टाकले. हा गृहस्थ तेव्हा सरकारी नोकरीत होता. संहिता त्याचीच आणि पात्रांची चित्रंही त्यानेच काढलेली.

चित्रांबद्दल दुसरी तक्रार. आणि तीही खरी! पात्रांचे हात लोकरी मोज्यात घातल्यासारखे, बोटं मोजायला जाऊ नये. मागची दृश्यं म्हणजे फिल्टर मारलेले फोटो. आता स्टीमवर मिळणाऱ्या आवृत्तीत नवी, गुळगुळीत चित्रंही आहेत आणि बटण दाबून जुनी-नवी बदलता येतात. बहुतेक लोक नवी लावतात. माझं मत विचाराल तर जुनीच ठेवा. नव्या चित्रांतली मुलगी पहिल्या मिनिटापासून देखणी असते, त्यामुळे ती भीतीदायक झाली तरी देखणीच राहते. जुन्या चित्रातली मुलगी शाळकरी वहीच्या मागच्या पानावर काढल्यासारखी दिसते. तिला आपण पाच तास हसलेलो असतो. आणि मग एका संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर, बोलता बोलता तिचे फक्त डोळे बदलतात. ज्याला हसलो त्याचीच भीती वाटणं हा अनुभव मला महागड्या ग्राफिक्सच्या एकाही हॉरर गेमने दिलेला नाही.

पत्त्यांचंही तेच. हिनामिझावा हे डोंगरातलं खेडं, साल १९८३, जून महिना. शहरातून आलेला केइइची नावाचा मुलगा तिथल्या एका वर्गाच्या शाळेत जातो. शाळेनंतर चार मैत्रिणी जमतात, पत्ते खेळतात, एकमेकांना मनसोक्त फसवतात, हरेल त्याला गमतीची शिक्षा. मग त्याला कळतं की गेली चार वर्षं गावच्या उत्सवाच्या रात्री एकजण मरतो आणि एकजण नाहीसा होतो. मैत्रिणींना विचारलं तर त्या विषय बदलतात. आता त्यांच्या चेहऱ्यावरून तो काय ओळखणार? त्या खोटं किती सफाईने बोलतात हे आपण पाच तास पत्त्यांत पाहिलेलं असतं. काहीच न होणारे तास म्हणजे हे.

आणि गावातल्या मृत्यूंच्या मागे आहे एक धरण. हिनामिझावा पाण्याखाली जाणार होतं, गावाने लढा दिला, प्रकल्प रद्द झाला, पण लढ्यात कोण आपलं आणि कोण फितूर याचे हिशेब गावात शिल्लक राहिले. इथे मला थांबावं लागलं. आम्हा नाशिककरांना धरण म्हणजे गंगापूरला रविवारी गाडी काढायची, भाजलेलं कणीस खायचं. मुळशीचा सत्याग्रह शाळेत दोन ओळींत संपला: १९२१, टाटांचं धरण, सेनापती बापट. उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, त्याचे फोटो दरवर्षी फोनवर फिरतात आणि आपण ‘सुंदर’ म्हणून पुढे पाठवतो. बुडालेल्या किंवा बुडता बुडता वाचलेल्या गावात माणसं एकमेकांकडे नंतर कशी बघत असतील, हा प्रश्न मला एका जपानी हॉरर गेमने पहिल्यांदा घातला. याची थोडी लाज वाटते.

आता मुद्द्यावर येतो. ज्या गेममध्ये काही करताच येत नाही, त्यात खेळाडू खेळतो म्हणजे काय करतो? तर्क लढवतो. तेवढी एकच चाल त्याच्या हातात आहे. ‘हिगुराशी’ एकदम आला नाही. टोकियोत ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये कॉमिकेट नावाचा हौशी लेखक-चित्रकारांचा प्रचंड बाजार भरतो, तिथे त्याचे भाग एकेक करून आले. आठ भाग, ऑगस्ट २००२ ते ऑगस्ट २००६. आधीचे चार प्रश्नांचे, नंतरचे चार उत्तरांचे. मधल्या महिन्यांत वाचक एकमेकांशी भांडत बसायचे: खुनी कोण, माणूस की शाप? लेखकाला हे ठाऊक होतं. भाग संपला की आत एक बैठक उघडायची. नाटक संपल्यावर रंग पुसत नटांनी चहा घ्यावा तशी सगळी पात्रं, मेलेलीसुद्धा, एकत्र बसायची आणि आत्ताच्या भागाबद्दल तर्क करायची. एक म्हणायचं हे माणसाचं काम, दुसरं म्हणायचं शाप, तिसरं म्हणायचं निव्वळ योगायोग. वाचकांची भांडणं लेखकाने कथेत आणून ठेवली होती. वाचकाचा अभिप्राय इतक्या प्रेमाने कामाला लावलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून जास्त पुस्तकांवर पोसलेल्या आजोबांच्या पिढीला हे पटलं नसतं म्हणा. झुंजारने शेवटी सगळं उलगडून सांगितलं पाहिजे, पैसे त्याचेच दिलेत!

उत्तरं आली तेव्हा काही वाचक चिडलेही. कोड्याच्या उत्तरात एक धागा असा होता की तो आधी ओळखणं जवळजवळ अशक्य; हे न्यायाचं नाही, असं त्यांचं म्हणणं. (तो धागा सांगत नाही, खेळा.) मला ती तक्रार अर्धी पटते. रहस्यकथा म्हणून ते उत्तर लंगडं आहे, पण गाव एकमेकांवर अविश्वास का ठेवतं याचं उत्तर म्हणून भक्कम आहे.

लेखकाने पुढचा गेम त्या न्यायाच्या प्रश्नावरच रचला. ‘उमिनेको नो नाकु कोरो नी’, पुन्हा आठ भाग, २००७ ते २०१०. ऑक्टोबर १९८६, वादळात अडकलेलं बेट, श्रीमंत कुटुंब, अठरा माणसं, बंद खोल्यांतले खून. एक चेटकीण म्हणते हे मी जादूने केलं, नायक म्हणतो माणसानेच केलं. दुसऱ्या भागापासून ती लाल अक्षरांत बोलू लागते: लाल अक्षरांतलं वाक्य निखालस खरं, पुरावा मागायचा नाही. नायक पुढे निळ्या अक्षरांत तर्क मांडतो. म्हणजे आता चक्क नियम आले! रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी घालून दिलेल्या दहा आज्ञासुद्धा एका पात्राच्या तोंडी येतात. शंभरेक तासांचा हा मजकूर मी एका पावसाळ्यात रात्री जागून संपवला.

आणि शेवटच्या भागात लेखकाने उत्तर सांगितलंच नाही. सूचना दिल्या, खुणा ठेवल्या, पण ‘हे असं झालं’ म्हणून कुणी बोट दाखवलं नाही. इतपत मला चालतं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला शेवटची खिडकी उघडी राहिल्याने धक्का बसू नये. मला खुपलं ते वेगळंच. त्या भागात बोकडतोंड्या राक्षसांच्या झुंडी येतात. हे बाहेरच्या जगातले तर्कबाज, उथळ अंदाज ओरडत कथेचं जग खात सुटलेले. वाचक आरशात बघतो आणि बोकड दिसतो. चार वर्षं ज्यांना खेळायला बोलावलं त्यांच्या हातात एकच चाल होती, आणि ती खेळल्याबद्दल त्यांची टिंगल. वाचक भडकले. मी तर सगळं झाल्यावर बऱ्याच वर्षांनी खेळलो, तरी मला अपमान वाटला.

ऑफिसात माझं निम्मं काम युजरची तक्रार वाचण्यात जातं. ‘बटण चालत नाही’ असं लिहिलेलं असतं. बटण चालत असतं, त्याला पुढचा स्क्रीन कळलेला नसतो. आपण टेस्ट करतो, बटण ठीक आहे असं लिहून तिकीट क्लोज करतो. तो माणूस पुन्हा तेच तिकीट उघडतो, यावेळी जरा चिडून. ‘उमिनेको’च्या वाचकांनी लिहिलं होतं, खुनी सांगा. लेखकाने ते शब्दशः घेतलं आणि ठरवलं की यांना फक्त कोडं फोडायचंय, त्या माणसाचं मन यांना नकोय.

गंमत अशी की उत्तर पुढे आलं. केइ नात्सुमीने केलेल्या शेवटच्या भागाच्या मांगामध्ये एक मोठा कबुलीजबाब आहे, मूळ गेममध्ये नसलेला. तिथे सगळं स्पष्ट सांगितलंय. मी ते धास्तावून वाचायला घेतलं. वाटलं, जादू गेली. त्यात युक्त्या आहेत, कुठलं दार कसं बंद झालं तेही आहे, पण ती पानं मी भराभर उलटली. थांबलो ते एका एकट्या माणसाने वर्षानुवर्षं कुणाची तरी वाट पाहण्यापाशी. जे केलं ते का केलं, हे तिथे कळतं. गेममध्ये ते नव्हतं असं नाही, पण इतक्या पडद्यांआड होतं की मला ते फक्त हुशारी वाटलं होतं. मांगा वाचून मला पहिल्यांदा रडू आलं. मग मी गेमचा सातवा भाग पुन्हा काढला आणि तोही वेगळाच वाटला. वाचक ‘कोण’ विचारत होते, त्यांना हवं होतं ‘का’. ते दिल्यावर कोड्याचं काहीच बिघडलं नाही.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी सांगतो, गेम पूर्ण कर, चिडचिड होऊ दे, मग मांगाचा तो भाग वाच. आधी इंटरनेटवर उत्तर शोधू नकोस. हे कुणी ऐकत नाही. दोन मिनिटांत खुन्याचं नाव मिळतं आणि ते नाव कळूनही काही कळत नाही.

गेमच्या अगदी शेवटी एक प्रश्न येतो. समोर छोटासा चमत्कार होतो आणि तुम्हाला दोन पर्याय मिळतात: जादू, की हातचलाखी? मी अर्थातच हातचलाखी दाबलं, इंजिनिअर आहे. शेवट कोरडा आणि रक्ताळलेला निघाला. रात्रीचे अडीच वाजले होते, बाहेर पाऊस होता. सेव्ह फाइल लोड केली आणि दुसरं बटण दाबलं.