छपरावरचे भातखाचर

थायलंडमधल्या थम्मासात विद्यापीठाचे नाव मूळ ‘धर्मशास्त्र’ या शब्दावरून आले आहे. बँकॉकच्या उत्तरेला रंगसित येथे त्याचा मोठा परिसर आहे. तिथे २०१९ साली उभी राहिलेली एक इमारत शहरी अन्नसुरक्षेची चर्चा निघाली की हटकून पुढे केली जाते. कोचाकोर्न वोराआखोम या रचनाकार बाईंनी तिच्या २२,००० चौरस मीटर छपराला डोंगरउतारावरच्या भातखाचरांचा आकार दिला. त्यातल्या ७,००० चौरस मीटरवर सेंद्रिय शेती होते. पीक विद्यापीठाच्याच खानावळींत जाते आणि खरकटे खत होऊन वर परत येते.

पण हिशेब करून पाहू. ७,००० चौरस मीटर म्हणजे पावणेदोन एकर. सगळीकडे भात लावला, एकरी दीड टन उतारा धरला, तर भरडल्यावर तांदूळ पावणेदोन टनांच्या आत. माणशी वर्षाला शंभर किलो धरले तर सतरा माणसे जेवतील. दोन पिके घेतली तर चौतीस. विद्यार्थी हजारोंनी आहेत.

खरी करामत पाण्याची आहे. नागमोडी पायऱ्यांवरून पाऊस रमतगमत उतरतो, वाटेत मातीत मुरतो, उरलेला खालच्या चार तळ्यांत साठतो आणि कोरड्या दिवसांत पिकाला मिळतो. (पाणलोटाची कामे पाहिलेल्यांना यात नवे काही नाही, नवे आहे ते छपरालाच डोंगर मानणे.) २०११च्या महापुरात याच परिसरात पूरग्रस्तांची छावणी होती, आणि मग परिसरच पाण्याखाली गेला. तिथे हा धडा पुस्तकी राहत नाही.

मात्र रंगसितचा कालवा चुलालोंगकोर्न राजाच्या काळात खोदला गेला तो भातासाठीच. त्या शिवारावर शहर पसरले आणि भात छपरावर चढला, ही गोष्ट कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही.

इमारत ज्यांच्या जन्मशताब्दीची, ते पुअय उंगफाकोर्न अर्थतज्ज्ञ, विद्यापीठाचे कुलगुरू. १९७६च्या हत्याकांडाच्या वेळी त्यांना देश सोडावा लागला. १९७३च्या गाजलेल्या निबंधात त्यांनी गर्भातल्या मुलासाठी आईचे पोषण मागितले, तसेच शेतकऱ्यासाठी स्वतःची जमीन, कर्ज, बाजार आणि रास्त भावही. छपरावर पाण्याचे, खताचे, उन्हाचे चक्र डोळ्यांना दिसते. भावाचे दिसत नाही. त्यासाठी खालच्या एखाद्या वर्गात वही उघडावी लागेल: बाजारात भाजी कितीला, आणि त्यातले पिकवणाऱ्याच्या हाती किती.