निखिल घोष : तबल्याचे बोल आणि त्यांची लिपी

तबल्याचा बोल हा मूलतः उच्चार की आघात, हा प्रश्न वादकाला सहसा पडत नाही. निखिल घोष (१९१८–१९९५) यांच्या कार्याचा विचार करताना मात्र तो टाळता येत नाही.

घोष हे मूळचे बारिसालचे, बासरीवादक पन्नालाल घोष यांचे धाकटे बंधू. त्यांच्या गुरूंपैकी अमीरहुसेन खाँ व अहमदजान थिरकवा हे दोघेही मुनीर खाँचे शिष्य. ही विद्या मुखोद्गत. आधी पढंत, मग हात. अशा परंपरेत मुरलेल्या वादकाने १९५६ साली मुंबईत संगीत महाभारती ही संस्था स्थापावी आणि १९६८ साली राग व ताल यांच्या मूलतत्त्वांवरील इंग्रजी ग्रंथात नवी लेखनपद्धती मांडावी, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही.

कायद्याची रचना पाहावी. भरीतील ‘धा’, ‘धिं’, ‘गे’ हे खालीत ‘ता’, ‘तिं’, ‘के’ होतात. डग्ग्याचा घुमारा लोपतो आणि त्याबरोबर वर्णातला घोषही लोपतो. (आडनावाचा योगायोग बाजूस ठेवावा.) म्हणजे बोल ही यदृच्छेने ठेवलेली नावे नसून त्यांत ध्वनिव्यवस्था आहे, आणि देवनागरी ती चोख टिपते. तथापि चाटेवरच्या एकाच आघाताला कुठे ‘ना’ म्हणतात, कुठे ‘ता’. उलट ‘तिट’ हा एकच बोल दिल्लीच्या दोन बोटांच्या बाजात एका रीतीने निघतो, पूरब बाजात दुसऱ्या. ‘धिरधिर’ तळहाताने वाजवावयाचे, हे अक्षरांवरून कळत नाही. लिपी भेद दाखविते, निकास दाखवीत नाही. तो गुरूच्या हाताकडे पाहूनच घ्यावा लागतो.

म्हणूनच घोषांच्या पद्धतीचे मूल्यमापन तिच्या प्रसारावरून करणे अन्यायाचे ठरेल. भातखंडे व पलुस्कर यांच्या पद्धतींची जागा तिला घेता आली नाही, हे खरे. पण त्या दोन्हींमागे परीक्षा आणि क्रमिक पुस्तके उभी आहेत. मराठीत ‘अ’च्या बाराखडीची लिपिसुधारणा तर्कशुद्ध असूनही रुजली नाही, त्याचीच ही जात. दोष दाखवावयाचा तर तो निराळा आहे : कोणत्याही लेखनपद्धतीला मात्रांचे विभाजन जितके साधते, तितका नाद साधत नाही, आणि तबल्यात रचनेचे अर्धे मर्म नादात असते.

ही उणीव शिक्षक घोषांनी भरून काढली, असे त्यांच्या शिष्यवर्गावरून म्हणता येते. अनीश प्रधान हे वादक आहेत आणि संगीताचे इतिहासलेखकही. पुत्रांपैकी नयन हे तबल्याबरोबर सतार वाजवितात, तर ध्रुव (निधन २०१७) यांनी सारंगी हाती घेतली. एका तबलजीच्या घरातून सारंगिया निघावा, ही घटना साथसंगतीच्या जुन्या उतरंडीकडे पाहता लक्षणीयच.

१९९० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. संस्थेने सिद्ध केलेला भारतीय संगीताचा विश्वकोश ऑक्सफर्डने तीन खंडांत प्रसिद्ध केला तो २०११ साली. घोषांच्या निधनाला तेव्हा सोळा वर्षे झाली होती.